जावयाचा रस्ता

रस्तेदुरुस्तीच्या खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीचे तपासनीस उकिडवे बसले आणि नव्या डांबरात नख घालून त्यांनी थर सायीसारखा उचलला. खाली निव्वळ माती! त्यांना शिसारी आली. “मामा, उकरताय कशाला?” त्यांचा ठेकेदार जावई हसला. “घरचंच काम आहे. सही करा, म्हणजे पुढचा टप्पा मंजूर होईल.” “मामा घरी म्हणा, जावईबापू. इथे मी तपासनीस.” “तपासनीस केलं कुणी? समितीवर तुमचं नाव मीच सुचवलं!” सासऱ्यांना स्वतःचीच किळस वाटली. म्हणजे नेमणुकीच्या दिवशीच याने आपला बाजार मांडला होता! त्यांनी कागदावर ‘काम नामंजूर’ लिहिलं. जावई खिदळला, “नातेवाइकाचा शेरा टिकतो होय?” मग त्यांनी ओळ वाढवली: ‘ठेकेदार माझा जावई. मला काढून परका तपासनीस पाठवा.’ कागद मिटून म्हणाले, “चला घरी. लेकीला तुम्ही सांगताय की मी?”