अर्ध्याचं अर्धं

साठ वर्षांपूर्वी किरणोत्सारी सीझियम सांडल्याने ओस पडलेलं कोळंबशेत पुन्हा वसवायचं होतं. किरणोत्साराची मोजणी करणाऱ्या विशाखा तांडेलची तेवढी सही हवी होती.

"तीस वर्षांत अर्धं संपतं ना? मग साठ वर्षांत सगळं संपलं!" साहेब म्हणाले.

"नाही साहेब, अर्ध्याचं अर्धं उरलं. सुरक्षित मर्यादेच्या सोळापट होतं, आता चौपट आहे. अजून साठ वर्षं लागतील."

"सही करा, नाहीतर नोकरी सोडा."

विशाखाने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. बाहेर सामानसुमान घेऊन कुटुंबं कोळंबशेतच्या बसमध्ये चढत होती. तिने बसच्याच पत्र्यावर खडूने ते गणित मांडलं.

एका गरोदर बाईने विचारलं, "मग आमच्यातलं कोण जाणार तिकडे?"

"तुमची नातवंडं."

बाईने वर चढवलेली ट्रंक खाली ओढली. मागोमाग सगळेच उतरले.