चारची पॅसेंजर

दिनकरराव गेल्यापासून टेबलावर मांडलेल्या त्यांच्या खेळण्यातल्या रेल्वेची छोटी पॅसेंजर लाल सिग्नलपाशी उभी होती. बोगदा, पूल, तांदळाएवढे हमाल, सगळे जणू डोळे मिटून थांबलेले. गाडी आज सुरू झाली नाही तर उद्या सगळं टेबलच कुणाला तरी देऊन टाकायचं, असं त्यांच्या पत्नीने, सुलभाताईंनी ठरवलं होतं.

"मॅक्रो, म्हणजे गाडी चालवणारा प्रोग्राम, बिघडलेला नाही, काकू," दुरुस्तीला आलेला मुश्ताक म्हणाला. "हे मॅक्रो कुणी लिहीत नाही. टेबलाखालचे सेन्सर चालवणाऱ्याच्या सवयी, आसपासचे आवाज टिपतात आणि त्यावरून ते आपोआप तयार होतात. काका रोज चारला गाडी इथे थांबवायचे. कशाची तरी वाट बघायचे."

सुलभाताईंना काहीच आठवेना. त्या रोज चारला टेबलावर चहा ठेवून मुकाट्याने आत जायच्या. गाड्यांच्या नादात यांची मान कधी वर झाली नव्हती.

त्यांनी मुश्ताकसाठी चहा आणला. कपबशी टेबलावर टेकली, किणकिणली, आणि सिग्नल हिरवा झाला. गाडी हलकेच निघाली, बोगद्यात शिरली आणि इवले दिवे लावून पलीकडून बाहेर आली.

सुलभाताई आज आत गेल्या नाहीत. खुर्ची ओढून तिथेच बसल्या.