पहिल्या लॉटमधलं चाक

लेकीच्या पोटातलं इवलंसं चाक एक्स-रेमध्ये स्वच्छ दिसत होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं.

“कुठल्या खेळण्याचं?” डॉक्टरांनी विचारलं.

“खेळणं नाही, स्केल मॉडेल,” नवरा दुखावल्या आवाजात म्हणाला. “विजेवरची नवी पॅसेंजर. पहिल्या लॉटमधली.”

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. “म्हणजे आली? मला तर दिवाळीनंतरची तारीख दिलीय. डब्यांत दिवे लागतात का हो?”

“लागतात ना. टपावरचा, विजेच्या तारेला टेकणारा पँटोग्राफही वर-खाली होतो.”

“डॉक्टर, चाकाचं काय?” मी रडकुंडीला आले होते.

“घाबरू नका, उद्यापर्यंत शीतून पडेल. तेवढं टाकून मात्र देऊ नका. या गाडीचं सुटं चाक मिळत नाही.”

“उद्याचे सगळे डायपर मी बदलणार,” नवरा म्हणाला.

लेक झाल्यापासून पहिल्यांदाच.