बटण खाली राहिलं

"पोचपावत्या कुठेयत?" भावेशने विचारलं.

"त्याच तर काढायला आलेय," रोशनी म्हणाली. "सव्वीस प्रिंट द्या, भावेशभाई. पाच वाजता बाजारात यादी लागतेय."

भावेशचं दुकान पनवेल स्टँडजवळ. जुने लॅपटॉप दुरुस्त करायचे आणि जुनेच विकायचे. रोशनीचाही त्यानेच दिलेला, दहा वर्षं वापरलेला. त्यावर तिने कोळीवाड्यातल्या सव्वीस बायकांचे अर्ज भरले होते. नवा मासळी बाजार तयार झाला होता. इतकी वर्षं रस्त्याकडेला पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांना आत हक्काचा ओटा मिळणार होता, पण अर्ज केला तरच. नाही केला तर रस्त्यावरूनही उठायचं. मुदत शुक्रवारी संपली होती आणि आज सोमवार होता.

भावेशने एक अर्ज उघडला, मग दुसरा, मग पाच-सहा भराभर.

"हे नुसते जतन झालेत. पाठवले नाहीस?"

"असं कसं? प्रत्येकाला ‘जतन करा’ दाबलं. बरोबरची हिरवी खूण आली."

"पाठवायचं बटण वेगळं असतं. खाली."

"खाली काहीच नाही. बघा ना."

पान खरंच तिथे संपत होतं. ढकललं तरी वर सरकत नव्हतं. भावेशने कंट्रोल धरून वजाची कळ तीनदा दाबली. अक्षरं मुंगीएवढी झाली, पान आक्रसलं आणि खालून एक बटण वर आलं. ‘अंतिम अर्ज सादर करा.’ मुदत संपल्यामुळे ते आता राखाडी पडलं होतं.

"पान मोठ्या स्क्रीनच्या हिशेबाने बनवलंय," भावेश म्हणाला. "तुझ्या स्क्रीनची उंची सातशे अडुसष्ट ठिपक्यांची. त्याच्या खालचं दिसणार कसं?"

"मी सेटिंगमध्ये बघितलं होतं. त्याच्यापेक्षा मोठा आकडाच देत नव्हता."

"कुठून देणार? काचेत ठिपकेच तेवढे आहेत. पान लहान करून बघायचं, नाहीतर मोठा मॉनिटर जोडायचा. मला एक फोन केला असतास तर…"

रोशनीचे कान तापले. दोन आठवड्यांपूर्वी देवळात बैठक झाली होती. कमलाकरकाका कोळीवाड्यातले जाणते. ते म्हणाले होते, बाजार कार्यालयात कागदावरही अर्ज घेतायत, सगळ्या मिळून देऊन येऊ. रोशनी सगळ्यांसमोर हसली होती. "काका, कागद आता वाचतं कोण? जातील रद्दीत. मी घरबसल्या भरते." शिकलेली पोर बोलतेय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मग बायका एकेक करून कागद घेऊन आल्या. सुनंदामावशीने तर काम झाल्यावर आपल्या झेरॉक्स मोजून परत मागून घेतल्या.

"एवढ्या जपून काय करणारेस मावशी, फ्रेम?" असंही रोशनी वर म्हणाली होती. आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकानाबाहेर करंजाड्याची रिक्षा भरत होती. तिकडे मोठी बहीण राहायची. जावं आणि चार दिवस तोंडच दाखवू नये, असं रोशनीच्या मनात आलं. मग त्या विचाराचीही लाज वाटली. ती बाजाराच्या दिशेने चालत निघाली.

बाजाराच्या फाटकाशी सगळ्या बायका जमल्या होत्या. काकांच्या हातात यादीची प्रत होती, ते चष्मा शोधत होते. रोशनीची आई, शांती, पुढेच उभी होती.

"आली बाय माजी," ती शेजारणीला म्हणाली. "काका, द्या तिच्याकडं. ती वाचंल."

रोशनीने हात पुढे केला नाही.

"यादीत कुणाचंच नाव नसणार," ती म्हणाली. एरवी ती शुद्ध बोलायची, आता ते सुटलं. "माज्याकडनं अर्ज गेलंच नाय. बटण खाली राहिलं, मला दिसलंच नाय. चूक माजी हाय. तुमी काय बोलायचं ते मला बोला, आयेला नको."

कुणी ओरडलं नाही, शिवी दिली नाही. सुनंदामावशी पायाकडे बघायला लागली. बाकीच्याही इकडेतिकडे बघत राहिल्या. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या, असं रोशनीला वाटलं.

काकांना चष्मा सापडला. त्यांनी घसा खाकरला आणि पहिलं नाव वाचलं. सुनंदामावशीचं. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. रोशनी बघतच राहिली. काका न थांबता खाली खाली जात होते आणि प्रत्येक नाव कोळीवाड्यातलं होतं.

"काका, हे कसं काय?"

"आमी गुरवारी जाऊन कागदावर दिलं," काका म्हणाले. त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं होतं. "तुज्यावर राग नाय, बाय. पण बायांची पोटं हायत त्याच्यावर. मशीनचा भरोसा वाटंना. तुला वाईट वाटंल म्हनून कुणी बोललं नाय."

आपल्यावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, हे कळूनही रोशनीला रडू आलं ते सुटकेचं. देवा, वाचले मी. तिने डोळे पुसले. काका वाचत पंचविसाव्या नावापर्यंत आले आणि त्यांनी कागद घडी करून खिशात घातला.

"आयेचं?" रोशनीने विचारलं.

काकांनी मान वर केली नाही. "दोनदा गेलो व्हतो तिला बोलवायला."

"मीच नाय गेली," शांती म्हणाली. "माजा तर तू भरला व्हतास."