आईला सांगणे

साध्या साध्या गोष्टी लक्षात ठेवायला पोराला कॉम्प्युटरचा काळा पडदा लागतो, ही आईची कायमची तक्रार. तारीख आणि काम टाइप करून ठेवायचं, मग रोज सकाळी एक शब्द मारला की आठवड्याची कामं ओळीने उमटायची. "डोकं काय नुसते केस उगवायला दिलंय?" ती विचारायची.

चहा देताना तिने एक ओळ अक्षर अक्षर लावून वाचली होती: 'आईला सांगणे'. पोरगा रोज त्या ओळीची तारीख खोडून उद्याची घालायचा. असे बारा दिवस गेले. सगळं घर जिच्या जिभेला टरकून असायचं, तिची जीभ "काय सांगायचंय?" एवढं विचारायला रेटेना.

आज तो अंघोळीला गेला होता. त्या ओळीखाली आणखी एक ओळ आली होती: 'सोमवार, सकाळी सात. ऑपरेशन. गाठीचे रिपोर्ट नेणे. उपाशीपोटी जाणे.'

ती त्याच्याच खुर्चीत बसली. डोकं पुसत तो दारात आला आणि तिथेच थबकला.



"मी काय तुझं ऑफिसचं काम आहे रे, रोज उद्यावर ढकलायला? सोमवारी मीही उपाशीच येतेय."