सहावी ‘ब’चे बाक

वीज गेली आणि चौथ्या तासाला सहावी ‘ब’ बिथरली. डस्टर उडालं, बाकांवर नाच सुरू झाला. मुलांनीच लिहिलेल्या नियमांचा तक्ता उतरवून कुणीतरी त्यानेच वारा घेत होतं. मृदुला कारखानीस बाई दारातच थिजल्या. वर्षभर एकदाही आवाज न चढवता त्यांनी हा वर्ग घडवला होता. त्या बाहेर गेल्या तरी इथे कुणी जागचं हलत नसे.

त्या तडक मुख्याध्यापक धामणकर सरांकडे गेल्या. त्यांच्या खोलीत इन्व्हर्टर होता.

“बसा बाई,” सर म्हणाले. “जूनपासून बाकांखाली यंत्रं बसवली आहेत. मेंदू शांत ठेवतात. वीज आली की मुलं पुन्हा शहाणी होतील.”

“मग माझे नियम?”

“पालकांना दाखवायला छान आहेत.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. उलट सरांचं म्हणणं त्यांना पटत चाललं होतं. त्यांनी सावकाश खुर्चीखाली हात घातला. एक कोमट डबी हलकेच थरथरत होती.

त्या ताडकन उठल्या. तेव्हा कुठे ती आग मस्तकात पोचली.

“बसा ना,” सर मायेने म्हणाले. “उभ्याने त्रास होतो.”