एका शब्दापुरता अधिकार

दत्तक संस्थेचा डेटाबेस सांभाळणाऱ्याला सगळे ‘कुलूपवाले’ म्हणत. चौकशीच्या खिडकीवरच्या मावशी समोर येताच त्यानं आधीच हात जोडले. “मावशी, जास्तीचे अधिकार मिळायचे नाहीत हं.”

“जास्तीचे कोण मागतंय मेल्या? आहेत तेच काढून घे. मुलांच्या नोंदी मला दिसायलाच नकोत.”

“आणि मूल देऊन गेलेल्या आया चौकशीला आल्या तर?”

“तुझी ती प्रोसीजर आहे ना, मुलाचा नंबर टाकला की ‘सुखरूप’ एवढंच सांगणारी? ती तुझ्या अधिकारानं चालू दे. मी नुसतं बटण दाबीन.”

अधिकार परत करायला आलेलं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. त्यानं सांगितलं तसं केलं. “आता कुठलाही एक नंबर टाकून बघा.”

मावशींनी कागद न बघता आठ आकडी नंबर टाकला. पडद्यावर ‘सुखरूप’ उमटलं. त्या बराच वेळ तेवढा एकच शब्द वाचत राहिल्या.

“मावशी,” त्यानं हळूच विचारलं, “इतकी वर्षं पत्ता तुमच्या हाताशी होता?”

“होता ना. काल उघडणारच होते,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पण त्या घरात तिला आई आहे रे.”